यंत्रांचा स्वभाव

दशांशसरांनी एकदा डॉक्टरांच्या हातात त्यांचाच थर्मामीटर परत ठेवला होता. अंगात सणसणून ताप, डोळे लालबुंद, आणि हे विचारतायत की हा शेवटचा कधी तपासून घेतलाय. डॉक्टर म्हणाले, आम्ही पेशंट तपासतो. सर म्हणाले, तेच विचारतोय, कशाच्या भरवशावर? शेवटी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, घरी आणलं, कपाळावर हात ठेवला आणि भरपूर ताप आहे असं सांगून निजवलं. काकूंचा हात कुणी तपासलाय हे विचारायची मात्र सरांची छाती झाली नाही.

त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, ते हिशेबनीसाला ठाऊक. बाकी सगळ्यांसाठी ते दशांशसर. पूर्ण आकडा त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही. चहात साखर किती, तर दीड चमचा नाही, एक दशांश चार. लग्नाला किती वर्षं झाली असं कुणी विचारलं की काकू घाईघाईनं विषय बदलायच्या, कारण उत्तर लांबायचं आणि जेवण निवायचं.

या माणसाच्या हाताखाली मी नोकरीला लागले. कारखान्याच्या आवारात अगदी मागे, पाण्याच्या टाकीखाली, बिनखिडक्यांची एक खोली. दारं दोन, एकामागे एक. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दाराबाहेर पत्र्याचा डबा, त्यात मोबाइल ठेवायचे. आत तेवीस अंश. बाहेर ऊन आग ओकू दे नाही तर दात वाजू देत, आत तेवीस. चहा आत आणायचा नाही, कारण कपातून वाफ निघते. मोठ्यानं हसायचं नाही, याचं कारण मात्र कुणी सांगितलं नाही, पण ती वेळही फारशी यायची नाही. सर बारा महिने शर्टावर गळ्यापर्यंत बंद असा लोकरीचा स्वेटर घालून बसायचे आणि भिंतीवरच्या तापमापीकडे असं बघायचे, की एखाद्याला वाटावं तिथे घरचं कुणी आजारी आहे.

आमचं काम काय, हे मी मामाला बऱ्याचदा समजावलं होतं. मामाचं रंगाचं दुकान आहे आणि 'गल्ल्यावर घरचं माणूस हवं' हे त्याचं माझ्याबद्दलचं जुनं स्वप्न आहे. मी त्याला सांगायची की रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे काटा राहिला की खरखर येते ना, तशी खरखर विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूत असते. उपग्रहाकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की तो आधी एका डबीतून नेऊन मोठा करावा लागतो. डबी संदेश मोठा करते, पण जाता जाता स्वतःची खरखरही त्यात कालवते. जी कमी कालवेल ती डबी चांगली. लोक आमच्याकडे अशा डब्या आणून देतात, आम्ही खरखर मोजतो आणि दाखला देतो. मामानं एकदा हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, कानानं मोजता? म्हटलं, नाही, यंत्रानं. मग म्हणाला, आणि यंत्र खरं बोलतं कशावरून?

मामानं नकळत आमच्या धंद्याच्या वर्मावरच बोट ठेवलं होतं. यंत्र खरं बोलतं कशावरून, एवढ्याच प्रश्नासाठी दशांशसर जन्माला आले होते.

त्यासाठी त्यांच्याकडे एक ठोकळा होता. बोटाच्या पेराएवढा, पोलादी, दोन्ही टोकांना आटे. त्यात एका बाजूनं संदेश सोडला की दुसऱ्या बाजूनं चतकोरच बाहेर येतो, बाकीचा ठोकळा गिळतो. त्याला वीज लागत नाही, त्याच्यात काही हलत नाही, त्याला अक्कल तर मुळीच नाही, आणि म्हणूनच तो मोलाचा. असा मुका धातू खरखर करतो ती फक्त त्याच्या अंगातल्या उष्णतेमुळे. गरम असेल तर जास्त, गार असेल तर कमी. तेव्हा ठोकळा किती गिळतो आणि किती अंशांवर आहे एवढं कळलं की त्याची खरखर कागदावर गणित मांडून काढता येते. तेवीस अंशांना आमच्या ठोकळ्याचं उत्तर यायचं सहा दशांश शून्य सात डेसिबेल. मग ठोकळा यंत्राला लावायचा. यंत्रानंही तेच सांगितलं तर यंत्र खरं.

आमचं यंत्र सांगायचं सहा दशांश एक नऊ.

म्हणजे शून्य दशांश बारा जास्त. सामान्य माणसानं म्हटलं असतं, जाऊ दे. सरांनी यंत्राच्या कपाळावर एक पट्टी चिकटवली होती, तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'स्वभाव: ०.१२ वाढवून सांगतो.' पुढे प्रत्येक दाखल्यात यंत्राच्या आकड्यातून शून्य दशांश बारा वजा व्हायचे. गंमत म्हणजे याच्या आधीचं यंत्रही तेवढंच वाढवून सांगायचं. त्याच्याही आधीचं तसंच. कंपन्या वेगळ्या, देश वेगळे, स्वभाव एक. यावर सरांचा सिद्धांत असा होता की यंत्रं बनवणारे सगळे एकाच माळेचे मणी आहेत आणि थोडं फुगवून सांगणं हा आता जगाचाच रिवाज झालाय. गिऱ्हाइकांपैकी कुणी कधी हूं की चूं केलं नाही. दाखल्यावर आपल्या डबीची खरखर कमी दिसली तर तक्रार कोण करणार?

ठोकळा राहायचा सरांच्या शर्टाच्या वरच्या खिशात. पूर्वी म्हणे तो कपाटात असायचा. पण सर एकदा रजेवर गेले आणि कुणीतरी पाहुण्यांना गंमत दाखवायला तो बाहेर काढला. आटे आवळायला आमच्याकडे खास पाना आहे, पुरेसं आवळलं की तो 'कट्' करतो आणि पुढे जात नाही. त्या महाभागानं साधी पकड वापरली. आटे गेले. सर परत आले तेव्हा घरात कुणी गेल्यासारखे दोन दिवस बोलले नाहीत. नवा ठोकळा आला तो सरळ खिशात गेला. खिशाला गुंडी, वर स्वेटर, आणि अधूनमधून छातीवर हात ठेवून तो जागेवर आहे ना याची खात्री. नवखी माणसं घाबरून त्यांना पाणी आणून द्यायची. काकू म्हणायच्या, साखरपुड्याची अंगठी यांनी पहिल्याच वर्षी हरवली, ठोकळा मात्र आंघोळीला जातानासुद्धा मला सांभाळायला देत नाहीत.

नोकरी पक्की व्हायला माझी एक परीक्षा होती. एकाच ठोकळ्याची खरखर आधी सर मोजणार, मग मी मोजणार, आणि दोन आकड्यांत शून्य दशांश एकपेक्षा जास्त फरक येता कामा नये. आला, तर या हाताला वळण नाही, घरी पाठवा. इतकं सोपं.

सरांचं मोजणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. स्वेटरच्या गळ्यातून दोन बोटं आत, गुंडी उघडली, ठोकळा बाहेर, रुमालावर एकदा फिरवला, यंत्राला लावला, पाना कट्, बटण, आकडा. मी श्वास घेऊन सोडेपर्यंत संपलेलं. मग ठोकळा काढून टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवायचे आणि चहाला बाहेर जायचे. सर परत येईपर्यंत मी त्याला हात लावायचा नाही, कारण माझ्याकडे लक्ष ठेवायला ते हवे. माझी पाळी आली की मी भिंग घेऊन आटे बघायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, वाळू द्यायची. सर मागून म्हणायचे, मुलगी दाखवायची नाहीये, मोजायचंय.

पहिल्या परीक्षेत मला उत्तर आलं सहा दशांश शून्य सात. सरांचं एकोणीस. फरक बारा. नापास. सर म्हणाले, हात नवीन आहे, होतं असं. माझी मुदत वाढली. दुसऱ्या परीक्षेत पुन्हा शून्य सात. सरांचं पुन्हा एकोणीस. कागदावरचं गणित त्यांनी समोर ओढलं, सहा दशांश शून्य सातवर बोट ठेवलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"उत्तर बघून गणित केलंस तू," ते हळूच म्हणाले.

आमच्या धंद्यात याच्याएवढी मोठी शिवी नाही. चोर म्हटलेलं चाललं असतं. यंत्र वाढवून सांगतं हे जगजाहीर, पट्टीच चिकटवली आहे. मग त्याच यंत्रातून कागदावरचं अचूक उत्तर काढणारी मुलगी एक तर जादूगार किंवा खोटारडी, आणि सरांचा जादूवर विश्वास नव्हता. मला इतका राग आला की तोंडातून शब्द फुटेना, आणि शब्द फुटत नाही हे बघून सरांची खात्रीच पटली. मी बाहेर जाऊन डब्यातून माझा मोबाइल काढला आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहून रडले. त्यांच्यावर रागावून, स्वतःवर रागावून, मुख्यतः त्या ठोकळ्यावर रागावून. सहा दशांश एकोणीस असं खोटं लिहिलं असतं तर मी प्रामाणिक ठरले असते.

घरी कळल्यावर मामा त्याच रविवारी आला. सहानुभूतीनं त्याचा चेहरा उजळला होता. रंगाच्या डब्यात असली भानगड नसते म्हणाला. पिवळा तो पिवळा. आईनं मामाला दुसऱ्यांदा वाढलं, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे.

तिसरी परीक्षा शेवटची. तिच्यासाठी मुख्य कार्यालयातून एक परीक्षकबाई येणार होत्या, कारण सरांनी कळवून ठेवलं होतं की उमेदवाराच्या सचोटीबद्दल शंका आहे. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. मागून सांगणं त्यांना पटत नसे. त्यांची हीच तर पंचाईत होती. मनापासून द्वेष करावा म्हटलं तर माणूस तेवढी सोय ठेवत नव्हता.

त्या दिवशी सकाळी सर आले ते ओळखू येईनात. अंगात स्वेटर नव्हता. त्याच्या जागी हिरव्या शर्टावर बशीएवढी लाल फुलं होती. झालं होतं असं की सरांच्या मेहुणीनं शिवणकामाचा क्लास पुरा केला होता आणि पहिला शर्ट कुणावर तरी घालायचा म्हणून तो दाजींच्या वाट्याला आला होता. संध्याकाळी तिच्याकडेच जेवायचं होतं. काकूंनी हुकूम सोडला होता की शर्ट आज घालायचा आणि वर स्वेटर घालायचा नाही, माझ्या बहिणीची मेहनत झाकली जाते. डॉक्टरांशी वाद घालणारे सर काकूंसमोर पूर्णांकातच बोलायचे. ते गुमान शर्ट घालून आले होते, आणि तेवीस अंशांत कुडकुडत होते.

त्या शर्टाला खिसा नव्हता. क्लासमध्ये खिसे म्हणे पुढच्या सत्रात शिकवतात.

परीक्षकबाई वेळेवर आल्या. उंच, गंभीर, तोंडात लवंग. चहा आत चालत नाही हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की नियम जणू मीच केलाय. यंत्र तापायला ठेवलेलं होतंच. सरांनी खोलीचं तापमान वाचलं, बाईंनीही वाचलं, दोघांचं जुळलं, दोघांना बरं वाटलं. मग सरांचा हात सवयीनं छातीकडे गेला, एका लाल फुलावर आपटला आणि परत आला. त्यांनी खाली वाकून डब्याची पिशवी उघडली. काकूंनी भरलेल्या पोळीभाजीच्या डब्याशेजारी पाण्याची बाटली होती, थेट बर्फाच्या कप्प्यातून काढलेली. अर्धी अजून बर्फच. तिला टेकून, रुमालाच्या घडीत, ठोकळा होता. सरांनी तो काढला. पुसला, लावला, कट्, बटण.

यंत्र म्हणालं पाच दशांश नऊ शून्य.

सरांनी पुन्हा बटण दाबलं. पाच दशांश नऊ एक. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आकडा बदलला नाही. जे यंत्र जन्मभर वाढवून सांगत आलं, ते आज गणिताच्याही खाली उतरलं होतं. तेवीस अंशांच्या खोलीत त्या ठोकळ्यातून इतकी कमी खरखर निघणं शक्यच नाही. वजनकाट्यावर रिकामी टोपली ठेवावी आणि काटा शून्याच्या मागे जावा, तसं काहीतरी. सरांच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम आला. बाईंनी शांतपणे आकडा टिपला आणि म्हणाल्या, आता उमेदवार.

एरवी सर चहाला गेले असते. त्या दिवशी त्यांना चहा सुचला नाही. त्यांनी ठोकळा काढला आणि फडक्यावर न ठेवता सरळ माझ्या तळहातावर ठेवला.

तो गार होता. नुसता गार नाही, ओलसर गार; फ्रिजमधून काढलेल्या भांड्यावर येतं तसं बारीक पाणी त्याच्या अंगावर आलं होतं. आणि तिथे उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. आज तो बाटलीला टेकून आला होता म्हणून खरखर कमी. मग रोज तो कुठून येतो? गुंडीच्या आतून, स्वेटरच्या आतून, अंगाच्या उबेतून. यंत्रं एकजात वाढवून सांगत नव्हती. ती सगळीच्या सगळी एकाच खिशाबद्दल खरं सांगत होती. मला मिळायचा तो फडक्यावर पडून खोलीइतका निवलेला ठोकळा, म्हणून माझं उत्तर कागदाशी जुळायचं.

हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो हिशेब. याच क्षणी हा गार ठोकळा मी यंत्राला लावला तर माझंही उत्तर पाच दशांश नऊ येईल. सरांशी जुळेल. मी पास. आणि नेहमीसारखी भिंग-बोळा करत बसले तर तो निवेल, म्हणजे उलट तापेल, उत्तर येईल शून्य सात, फरक सतरा, आणि मी उद्यापासून रंगाच्या दुकानात. मला फक्त एकदा घाई करायची होती. सर स्वतः इतकी वर्षं करत आले तेवढीच घाई.

मी पाना उचलला. खोटं कशाला सांगू, उचलला. मग माझं लक्ष सरांकडे गेलं. बिचारे त्या फुलांच्या शर्टात दोन्ही हात काखेत घालून उभे होते आणि यंत्राकडे बघत होते. रोज घरी येणारा माणूस आज ओळख दाखवत नाही, तसा चेहरा. त्यांच्यावरचा माझा राग जागचा हलला नव्हता. पण 'उत्तर बघून गणित केलंस' हे वाक्य खरं करून दाखवायची माझी तयारी नव्हती. आज घाई केली असती तर मी नेमकं तेच करणार होते.

मी पाना खाली ठेवला.

"सर, हा गार आहे," मी म्हटलं.

सर म्हणाले, गार म्हणजे किती? कुणीही दुसरं काही विचारलं असतं. मी म्हटलं, हात लावून बघा. त्यांनी बोट लावलं. बोटाला पाणी लागलं. ते त्यांनी अंगठ्यावर चोळलं, पिशवीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला, छातीवर, जिथे खिसा असायला हवा होता तिथे, आणि तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. बाईंना वाटलं त्यांना काही होतंय; त्यांनी तोंडातली लवंग गिळली.

"अरे देवा," सर म्हणाले. "मी अंडं उबवत होतो."

पुढचा तास आमच्या खोलीच्या इतिहासात झाला नसेल असा गेला. सरांनी मला बारीक वायरचा तापमापक आणायला सांगितला, तो ठोकळ्याला चिकटवला, आणि ठोकळा शर्टात सोडून काखेत धरून स्टुलावर बसले. बाहीतून वायर लोंबत होती. परीक्षकबाईंना त्यांनी विनंती केली की आकडा मोठ्यानं वाचत जा, मला वाकून दिसत नाही. मुख्य कार्यालयातल्या त्या गंभीर बाई एका परपुरुषाच्या काखेचं तापमान खणखणीत आवाजात वाचू लागल्या. अठ्ठावीस. तीस. बत्तीस. चौतिसाला सर म्हणाले, पुरे, खिसा काही काखेइतका गरम नसणार. उठले, लावला, कट्, बटण. सहा दशांश एक नऊ.

सरांनी ठोकळा काढला, फडक्यावर ठेवला, आणि आम्ही तिघं तो निवायची वाट बघत बसलो. सर मधेच हसायचे, मधेच गप्प व्हायचे. त्यांना आनंद झाला होता हे मी शपथेवर सांगेन. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं. उत्तर स्वतःच्या विरुद्ध गेलं म्हणून कोडं सुटल्याचा आनंद कमी व्हावा, असली बनावटच नव्हती त्यांची. नंतर मी लावला, माझ्या नेहमीच्या गतीनं. या वेळी मागून कुणी मुलगी दाखवायची आठवण केली नाही. सहा दशांश शून्य सात.

बाईंनी पेन उघडून विचारलं की मग परीक्षेसाठी कुणाचा आकडा धरायचा.

"तिचा," सर म्हणाले. "माझा माझ्या काखेचा आहे."

मग ते यंत्रापाशी गेले आणि नखानं पट्टी काढू लागले. जुना गोंद, तुकडे तुकडे निघत होते. ते निघेपर्यंत सर यंत्राशी हलक्या आवाजात बोलत होते, की तुला उगीच खोटारडं म्हटलं, तुझ्या आधीच्यालाही म्हटलं, त्याच्या आधीच्यालाही. मी बाजूला उभी राहून माझा नंबर यायची वाट बघत होते. आला नाही. सरांनी यंत्राचं कपाळ स्पिरिटनं पुसलं आणि डबा खायला गेले. माझ्या मनात आलं, पाना उचलून त्यांच्यामागे जावं.

पुढे दाखल्यांचं निस्तरणं आलं. वजा केलेले शून्य दशांश बारा आता सगळ्यांना परत करायचे होते. कारखान्याचे साहेब म्हणाले, कुणाला कळणारे, सोडून द्या. सर म्हणाले, मला कळलंय. त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, दाराबाहेर डब्यापाशी उभं राहून, आणि प्रत्येकाला खिशापासून काखेपर्यंत सगळी कथा सांगितली; गरज नसलेले तपशीलही. काही जण चिडले. उपग्रहाच्या डब्या बनवणारं आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक मात्र फोनवर एवढं हसलं की मला लांबून ऐकू आलं. त्याच्याकडे म्हणे आमच्या दाखल्यांच्या कपाटावर कधीपासून पट्टी आहे: 'यांचा स्वभाव: ०.१२ कमी सांगतात.' ते आपले गुपचूप तेवढे मिळवून घ्यायचे. सरांनी मोबाइल परत डब्यात ठेवला. मग म्हणाले, फार चांगली प्रयोगशाळा आहे त्यांची.

माझं पक्कं झाल्याचं पत्र आलं. मामा घरी येऊन हिरमुसून पेढा खाऊन गेला. पण मला अजून काहीतरी यायचं होतं, आणि ते पत्रातून येण्यासारखं नव्हतं. सरांशी मी कामापुरतंच बोलायची. ते स्वेटरात परत आले होते, तापमापीकडे बघत होते, जणू काही झालंच नाही.

मग एका सकाळी ते लाकडाची एक लहानशी पेटी घेऊन आले. झाकणाला काच, आत फडक्याची गादी, कडेला तापमापक बसवलेला. सुताराकडून करून घेतली होती. मापं सांगताना सुताराचं काय झालं असेल देव जाणे. त्यांनी खिशाची गुंडी उघडली, ठोकळा काढला, पेटीत ठेवला आणि पेटी माझ्या टेबलावर सरकवली.

"उत्तर बघून गणित तू नव्हतं केलंस," ते म्हणाले. "ते मी करत होतो. यंत्राचं उत्तर कागदाशी जुळेपर्यंत वजा करत होतो."

दुसऱ्या परीक्षेपासून मनात घोटून ठेवलेलं एक लांबलचक भाषण माझ्याकडे तयार होतं, चांगले तिखट शब्द होते त्यात, आणि त्यातला एकही शब्द मला सापडेना. सर घसा खाकरून म्हणाले की हा आता तूच सांभाळायचा. खूप विचार केला, अख्ख्या विभागात याला लायक तूच आहेस, कारण बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात.

मी म्हटलं, बरं सर.

ते जायला निघाले. पहिल्या दारापाशी त्यांचा हात सवयीनं छातीवर गेला, खिसा चाचपला, आणि ते दचकून वळले. मी पेटी उचलून त्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली, पहिलं दार नीट लावून घेतलं, आणि मगच दुसरं उघडल्याचा आवाज आला.